खाडा, भाऊबंदकी आणि ‘व्हई जाई’ : नव्या साहेबांना शिकवायचे काय?

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने ‘गार्ड’ हे पदनाम पुसले आणि त्या जागी ‘ट्रेन मॅनेजर’ लिहिले. भुसावळ म्हणजे गल्लोगल्ली रेल्वेवाल्यांचे गाव. तिथे या बदलावर चहाच्या टपऱ्यांवर थट्टा झाली नसती तरच नवल. काल रात्री गार्ड म्हणून झोपलेला माणूस सकाळी मॅनेजर म्हणून उठला. झेंडी तीच, शिट्टी तीच, शेवटचा डबाही तोच. नाव बदलले, काम नाही.

जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत नेमके उलटे घडते. एक्स्ट्रूडरवर आठ वर्षे उभा राहिलेला चांगला ऑपरेटर एक तारखेला शिफ्ट इनचार्ज होतो. पगारात थोडी भर पडते, शर्टाचा रंग बदलतो, आणि काम मात्र मुळापासून बदलते. काल मशिन सांभाळायचे होते, आज माणसे. मशिन कसे चालवायचे हे त्याला कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवले होते. माणसांचे शिक्षण मिळेल तेव्हा मिळेल, आणि मिळेल तेव्हा बॅनरवर बहुधा ‘नेतृत्वगुण विकास’ असे लिहिलेले असेल.

असे नवे व्यवस्थापक खानदेशात किती ठिकाणी तयार होतात ते पाहिले म्हणजे प्रश्नाचा पसारा कळतो. जळगावात पाइप, ठिबकच्या नळ्या, प्लॅस्टिकच्या चटया, डाळमिली, सोन्याच्या पेढ्या, धुळ्याला अवधानची वसाहत आणि महामार्गांच्या तिठ्यावरची वाहतूक, दोंडाईच्याला स्टार्च आणि मिरची, शिरपूरला सूतगिरण्या, रावेर-सावदा पट्ट्यात केळीची पॅकहाउस. शिवाय पतसंस्था, दवाखाने, शोरूम. या सगळ्यांत नवा साहेब तीन दारांनी येतो. एक हाताखालून वर आलेला. दुसरा पदविका किंवा एमबीए करून थेट खुर्चीत बसलेला. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाल्यापासून तो बाहेरगावचाच असतो असे राहिले नाही. तिसरा मालकाचा मुलगा. तिघांच्या अडचणी वेगळ्या, पण वर्गात तिघांना एकाच ओळीत बसवून एकच विषय ऐकवला जातो.

मग तो विषय निवडतो कोण? आपल्याकडे तीन वाटा रूढ आहेत. पहिली, प्रशिक्षकाच्या पिशवीत जे तयार असेल ते. संवादकौशल्य, संघभावना, वेळेचे नियोजन, ताणतणाव, सकारात्मक विचार अशी सात-आठ नावांची यादी असते आणि कंपनी त्यातली दोन उचलते, लग्नात आचाऱ्याच्या यादीतून दोन गोड पदार्थ उचलावेत तशी. दुसरी वाट शेठच्या रागाची. गेल्या आठवड्यात एक मोठी ऑर्डर उशिरा गेली, म्हणून या महिन्यात सगळ्यांना ‘जबाबदारीची जाणीव’. तिसरी वाट फॉर्मची. वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर ‘प्रशिक्षणाची गरज’ असा एक रकाना असतो. वरिष्ठ घाईत तिथे ‘संवादकौशल्य’ लिहून मोकळा होतो, कारण हा शब्द कोणाच्याही नावापुढे शोभतो.

या तिन्ही वाटांनी ठरलेले वर्ग मी स्वतः घेतले आहेत, त्यामुळे तक्रारीचा मला अर्धाच अधिकार. काही वर्षांपूर्वी भर मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, एका हॉलमध्ये वीसेक सुपरवायझरांना मी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ शिकवत होतो. जेवणानंतर मागच्या रांगेतल्या एका तरुणाने हात वर केला. “सर, माझा सख्खा चुलता माझ्या पाळीत आहे. रोज वीस मिनिटं उशिरा येतो. त्याला मेमो देऊ का नको?” माझ्या स्लाइडींत याचे उत्तर नव्हते. मी काहीतरी गोल बोललो. त्याने मान डोलावली, अगदी आदबीने. त्या डोलावण्यात जे होते ते मला अजून बोचते. त्याला भावनांची बुद्धी माझ्यापेक्षा जास्त होती. त्याला हवे होते ते एक वाक्य, उद्या सकाळी सात वाजता गेटवर उभे राहून म्हणता येईल असे.

माझे म्हणणे इथूनच सुरू होते. नव्या व्यवस्थापकाच्या वर्गाचा विषय गुणाच्या नावाने ठरवू नये, प्रसंगाच्या नावाने ठरवावा. ‘संवादकौशल्य’ हा विषय नव्हे. ‘वयाने मोठ्या नातेवाइकाला उशिराबद्दल बोलणे’ हा विषय.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. १९७९ साली गॅरी लेथॅम आणि लिस सारी या दोघांनी अमेरिकेतल्या एका कंपनीतील चाळीस सुपरवायझरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वीस निवडून त्यांना शिकवले, वीस तसेच ठेवले. दर आठवड्याला दोन तास, नऊ आठवडे, नऊ विषय. ते विषय वाचण्यासारखे आहेत: नव्या माणसाला कामाची ओळख करून देणे, चांगल्या कामाची दखल घेणे, मागे पडणाऱ्याला कामाला लावणे, कामाच्या वाईट सवयी सुधारणे, शिस्तभंगाच्या कारवाईबद्दल बोलणे, खाडे कमी करणे, तक्रारखोर माणसाला हाताळणे, सोडून जाणाऱ्यांची संख्या कमी करणे, बदलाला होणारा विरोध ओलांडणे. यादीत ‘नेतृत्व’ नाही, ‘सकारात्मकता’ नाही. प्रत्येक विषय म्हणजे दोन माणसांमधला एक अवघड संवाद. आधी तो चित्रफितीवर नीट करून दाखवायचा, मग सुपरवायझरांनी आपापल्या पाळीतला खरा प्रसंग घेऊन एकमेकांसमोर करून पाहायचा. सहा महिन्यांनी घेतलेल्या परीक्षेत आणि वर्षभरानंतर वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनातही शिकलेले वीस पुढे होते. त्यातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. न शिकलेल्यांपैकी काहींच्या हाती त्या संवादाचे मुद्दे छापील दिले गेले, तरी त्यांना ते जमले नाही. मुद्दे माहीत असणे आणि तोंडातून निघणे यांत फरक आहे. पोहण्याचे पुस्तक वाचून तापीत उडी मारू नये हे आपल्याकडच्या पोराटोरांना ठाऊक असते.

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी कारखान्यांतले अनुभवी फोरमन लढाईवर गेले आणि कालचे कामगार फोरमन झाले. त्यांच्यासाठी सरकारने जो कार्यक्रम काढला त्यात १९४५ पर्यंत साडेसोळा हजार कारखाने आणि साडेसतरा लाख माणसे आली. एवढ्या अफाट पसाऱ्यात फोरमनसाठीचे मूळ विषय तीन: काम शिकवणे, कामाची पद्धत सुधारणे, आणि माणसांशी संबंध राखणे. प्रत्येकाला दहा तास, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, आणि ज्याने त्याने स्वतःच्या खात्यातली अडचण घेऊन यायची. युद्धात वेळ नव्हता म्हणून विषय कमी झाले; आमच्याकडे वेळ नसतो म्हणून एका दिवसात अकरा विषय उरकले जातात.

प्रसंग गोळा करण्याची रीतही तयार आहे. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने महायुद्धात वैमानिकांच्या निवडीसाठी जे केले ते १९५४ साली पद्धत म्हणून मांडले. ‘चांगला वैमानिक कसा असतो?’ हे विचारायचे नाही. ‘कोणी फार चांगले किंवा फार वाईट वागल्याचा एक खराखुरा प्रसंग सांगा. आधी काय झाले होते, त्याने नेमके काय केले, परिणाम काय झाला?’ हे विचारायचे. मी हेच खानदेशी मराठीत विचारतो: “मागच्या सहा महिन्यांत ज्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही, तो दिवस सांगा.” प्रश्न असा टाकला की माणूस बोलतो. ‘तुम्हाला कोणते प्रशिक्षण हवे?’ म्हटले की तो बिचारा आठवून आठवून ‘संवादकौशल्य’ म्हणतो, कारण तो शब्द त्याने मागच्या बॅनरवर वाचलेला असतो. जोडीला हजेरीपत्रक, मेमोची फाइल आणि पहिल्या तीन महिन्यांत काम सोडून गेलेल्यांची नावे समोर ठेवायची. वीस-पंचवीस प्रसंग जमले की ते आपोआप ढिगांत पडतात. जळगाव असो की धुळे, माझ्यासमोर पडलेले ढीग चारच आहेत.

पहिला खाड्यांचा.

बाहेरून आलेल्या तरुण व्यवस्थापकाचा पहिला धक्का हा असतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन होते. पुण्या-सुरतेला गेलेली माणसेसुद्धा त्यासाठी गावी परततात. रोटाचा प्रसाद भाऊबंदांनीच खायचा असतो, त्यामुळे ‘मी नाही गेलो तरी चालेल’ असे म्हणण्याची सोयच नसते. अक्षय तृतीयेला आखाजी, लेकी माहेरी येतात. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारे. होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्या बाजार, तेव्हा पावरा आणि भिल कामगार कोणत्याही मेमोला जुमानत नाहीत, आणि का जुमानावे? वर कापूस वेचणी. नव्या साहेबाला यात बेशिस्त दिसते. तो ‘खाडे कमी करणे’ असा विषय मागतो आणि प्रशिक्षक प्रेरणेवर बोलून जातो.

प्रसंग उलगडून पाहिला तर दिसते की शिकवायचे काहीतरी निराळेच आहे. हे खाडे अचानक येत नाहीत. ते पंचांगात छापलेले असतात. शिकवायची ती रजेची बोलणी, आणि तीही महिनाभर आधी. जूनअखेरीस पाळीतल्या प्रत्येकाला विचारायचे: तुमच्याकडे कानबाई कोणाच्या घरी बसते, घरातले कोण कोण जाणार, मंगळवारी पहिल्या पाळीला कोण येऊ शकेल? ज्यांच्याकडे कानबाई नाही त्यांच्याशी त्या रविवारचे ठरवायचे आणि त्यांची ईद किंवा छठ आली की त्यांना मोकळे करायचे. ही देवाणघेवाण तोंडी, सगळ्यांसमोर आणि लिहून ठेवून कशी करायची याचा दोन तासांचा सराव पुरतो. मग उरलेला खाडा खरा बेशिस्तीचा असतो, त्याच्याशी कडक बोलता येते. दोन्ही खाडे एकाच तराजूत तोलले की चांगली माणसे आधी दुखावतात.

दुसरा ढीग नात्याचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण छापील पुस्तकांत तो जवळपास नसतोच.

महानगरातल्या कारखान्यात ‘कालचा सहकारी आज हाताखाली’ एवढाच पेच असतो. आपल्याकडे हाताखाली चुलता असतो, मेहुणा असतो, ज्याच्या शेतातून आपल्या शेताला वाट जाते तो शेजारी असतो. मेमोवर सही करताना त्या वाटेचा विचार मनात येणारच. शिवाय अमुकचा पाहुणा म्हणून नोकरीला लागलेल्यांचा गोतावळा. नवा इनचार्ज अशा वेळी तीन पळवाटा शोधतो. एक तर एकदम ताठ होतो, कालपर्यंत ‘काय भो’ म्हणणाऱ्याला ‘मिस्टर’ लावतो. किंवा काहीच बोलत नाही आणि चुलत्याचा उशीर दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. किंवा वरच्या मजल्यावर तक्रार करून मेमो तिथून पाठवतो, आणि संध्याकाळी चुलत्यालाच सांगतो, “माझ्या हातात काही नव्हतं.” तिसरी पळवाट सर्वांत वाईट. घरचा विश्वास जातो आणि कारखान्यातला धाकही.

यावर जे चालते ते साधे आहे, पण म्हणायला कठीण. बढती मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात, अजून कोणतीही चूक घडलेली नसताना, एकट्याला गाठून बोलायचे. “आप्पा, घरी तुमचा शब्द मोठा. इथं रजिस्टर माझ्या सहीचं आहे. उशीर झाला तर मला लिहावं लागेल. नंतर वाईट वाटायला नको म्हणून आज सांगून ठेवतो.” एवढेच. वाक्य ऐकायला सोपे वाटते. वर्गात करून पाहायला सांगितले की धडधाकट गडी घाम पुसतात. आणि ते त्याच भाषेत करून पाहायला हवे ज्या भाषेत ते म्हटले जाणार आहे. गावाकडच्या अहिराणीत वडीलधाऱ्यालाही ‘तू’ म्हणण्यात अनादर नसतो. त्याच चुलत्याला वर्गात शिकवलेल्या शुद्ध मराठीत ‘आपण वेळेवर यावे’ म्हटले, तर त्याला तो टोमणा वाटतो. प्रशिक्षकाला अहिराणी किंवा तावडी येत नसेल तर त्याने निदान शिकणाऱ्यांना त्यांच्या बोलीत सराव करू द्यावा आणि स्वतः गप्प राहावे.

तिसरा ढीग काम सांगण्याचा, आणि त्याच्या मध्यभागी दोन शब्द: ‘व्हई जाई’. होऊन जाईल. खानदेशात काम सांगितले की हे उत्तर येते. नवा साहेब निश्चिंत होतो, संध्याकाळी काम झालेले नसते. ‘व्हई जाई’चे अर्थ तीन. समजले, करतो. समजले नाही, पण विचारायची लाज वाटते. किंवा, हे होणार नाही, पण तुझ्या तोंडावर कसे सांगू. तिन्हींचा उच्चार सारखाच. युद्धकाळातल्या त्या कार्यक्रमात काम शिकवण्याचे चार टप्पे होते: माणसाला तयार करणे, करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, नंतर जाऊन पाहणे. ‘व्हई जाई’वर औषध तिसऱ्या टप्प्यात आहे. ‘समजलं का?’ विचारायचे नाही. ‘पहिल्यांदा काय करशील, दाखव’ म्हणायचे. उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार जिथे आहेत तिथे तर याला पर्याय नाही, कारण त्यांचे ‘हो जाएगा’ हे ‘व्हई जाई’चेच मावसभाऊ. हा ढीग शिकवायला सर्वांत सोपा आणि फळ लवकर देणारा. नव्याने सुरुवात करणाऱ्या कंपनीने इथूनच करावी.

चौथा ढीग वर बघून बोलण्याचा. कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यात शेठ फेरी मारताना थेट कामगारालाच सांगून जातात, “ते सोड, आधी हे घे.” इनचार्जने सकाळी लावलेले काम कोसळते, आणि कामगाराला कळते की खरा साहेब कोण. ‘मालकाला नकार कसा द्यावा’ हा विषय मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकू आला आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अंतिम यादीतून गाळला गेला. यादीवर सही कोणाची असते हे लक्षात घेतले तर नवल नाही.

पण हा गाळला तर बाकीचे तीनही वाहून जातात. १९५५ साली एडविन फ्लाइशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या फोरमनचा अभ्यास छापला. वर्गात फोरमन माणसांशी समजुतीने वागायला शिकले. कारखान्यात परतल्यावर मात्र ते वागू लागले आपापल्या वरिष्ठांसारखेच. वरचा जसा, तसा खालचा. २००५ मध्ये लेथॅम-सारींच्या प्रकारच्या प्रशिक्षणावरचे ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही हेच निघाले: शिकणाऱ्याच्या वरिष्ठालाही शिकवले, तर शिकलेले प्रत्यक्ष कामात जास्त उतरते. म्हणून चौथ्या विषयाचा वर्ग नव्या व्यवस्थापकांचा नसून शेठचा असला पाहिजे. दोन तास. नाव हवे तर ‘दूरदृष्टी’ ठेवावे. आत शिकवायचे एवढेच की काम बदलायचे तर आधी इनचार्जला सांगा.

आता जे विषय नाहीतच त्यांच्याकडे. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये एक आडदांड कसोटी सांगितली: जिवावर बेतले तर हे काम त्याला करता येईल का? येत असेल, तर अडचण शिक्षणाची नाही. ती साधनांची असेल, पगाराची असेल, किंवा चांगले काम करणाऱ्यालाच जादा काम मिळते याची असेल. ओव्हरटाइमचे पैसे दोन महिने रखडलेले असताना सुपरवायझरांना ‘कामगारांचे मनोबल’ शिकवणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटर बसवणे. विषयाची यादी करताना पहिले काम खोडण्याचे. गोळा झालेल्या प्रसंगांतले बरेचसे या कसोटीवर बाद होतात, ते शेठच्या टेबलावर ठेवायचे.

याला जोडून महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरचा एक मोठा पुरावा आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना चिठ्ठीने निवडून सल्लागार दिले. त्यांनी कोणाचे व्यक्तिमत्त्व सुधारले नाही. दोषांची नोंद, साठ्याची मांडणी, मशिनची वेळच्या वेळी देखभाल, रोजची छोटी बैठक, असल्या कंटाळवाण्या सवयी लावल्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आठ-नऊ वर्षांनी तेच संशोधक परत गेले तर त्यांतल्या जवळपास निम्म्या सवयी गळालेल्या होत्या, आणि गळण्याच्या मोठ्या कारणांत व्यवस्थापक बदलणे आणि मालकांना वेळ नसणे ही होती. वर्तनाचे प्रशिक्षण देणाऱ्या आम्हा लोकांना हा अभ्यास फारसा आवडत नाही. वर्तन आणि व्यवस्था वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत, हे तो सांगतो. रोज सकाळची दहा मिनिटांची उभी बैठक ही व्यवस्था आहे. त्या बैठकीत कालच्या चुकीबद्दल नाव न घेता, आवाज न चढवता कसे बोलावे, हे वर्तन. बैठकच नसेल तर ते बोलणे कुठे करणार?

विषयांच्या बाजारात जे सर्वांत जास्त खपते त्याबद्दल थोडक्यात. व्यक्तिमत्त्वाचे सोळा साचे सांगणारी चाचणी लोकांना आवडते, कारण तिच्यात कोणीच वाईट ठरत नाही; पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा साचा बदलतो, म्हणून तिच्यावर बढती किंवा पाळी ठरवू नये. वेळेचे नियोजन ज्याची वेळ त्याच्या हातात आहे त्याला शिकवावे. शिफ्ट इनचार्जची नसते.

प्रेरणादायी चरित्रांबाबत मात्र खानदेशाची पंचाईत आहे, कारण ती इथे फार आहेत आणि फार चांगली आहेत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. भवरलाल जैन यांनी सात हजार रुपयांवर घासलेटच्या धंद्यातून सुरुवात केली. दोन्ही हकिगती खऱ्या, आणि दोन्ही मी वर्गात सांगितल्या आहेत. ऐकताना डोळे ओलावतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चुलता उशिरा आला की गुरुजींचा झाडू मदतीला येत नाही.

या चरित्रांतले एक मात्र खरोखर नव्या व्यवस्थापकाचे आहे. १९४५ च्या डिसेंबरात अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी स्थापन करणारे मोहम्मद हाशम प्रेमजी १९६६ च्या ऑगस्टमध्ये वारले आणि एकवीस वर्षांचा अझीम स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून परतला. वार्षिक सभेत एका भागधारकाने, कंपनी एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती देऊन टाक, असे त्याला सर्वांसमोर सुनावले. त्याच कंपनीचे पुढचे विप्रोचे वैभव, अमळनेरातल्या जुन्या भागधारकांच्या कथा, सगळे ठाऊक आहे. मला त्या सभेतला तो एक क्षण महत्त्वाचा वाटतो. जळगाव-धुळ्यात मालकाची मुले आज त्याच जागी उभी आहेत. ज्यांनी त्यांना खांद्यावर खेळवले तेच मुनीम, तेच फोरमन आता त्यांच्या हाताखाली आहेत. त्यांच्यासाठी विषय काढायचा तर ‘चारचौघांत अपमान झाल्यावर पुढची दोन मिनिटे’ हा काढावा. हे करून पाहता येते. एकाने भागधारक व्हायचे, एकाने एकवीस वर्षांचा मुलगा.

पहिल्या दाराने येणाऱ्यांबद्दल, म्हणजे हाताखालून वर चढलेल्यांबद्दल, एक इशारा. बेन्सन, ली आणि शू या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये १३१ कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. जास्त विक्री करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि असा मोठा विक्रेता व्यवस्थापक झाला की त्याच्या हाताखालच्यांची विक्री घसरत होती. जळगावच्या शोरूमपासून सोन्याच्या पेढीपर्यंत हे ओळखीचे वाटेल. उत्तम विक्रेता गिऱ्हाईक हातचे जाऊ देत नाही, म्हणून साहेब झाल्यावरही तो हाताखालच्या पोराला गिऱ्हाइकाशी बोलूच देत नाही. इथे विषय ‘काम सोपवणे’ असा न लिहिता ‘समोर चुकत असताना पाच मिनिटे तोंड न उघडणे’ असा लिहावा.

काही विषयांत निवड नसते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी आणि कर्मचाऱ्यांसाठी जाणीवजागृतीचे वर्गही. पॅकहाउस आणि सूतगिरणीत बायकांची संख्या पाहता नव्या व्यवस्थापकाला हा विषय पहिल्याच महिन्यात शिकवला पाहिजे, आणि तोही प्रसंगाने: तक्रार करायला बाई तुमच्यासमोर उभी आहे, तुमचे पहिले वाक्य काय? बहुतेकांच्या तोंडून ‘नक्की असंच झालं का?’ निघते. तिथेच थांबवून पुन्हा करायला लावायचे.

सरकारी कचेऱ्यांत सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कर्मयोगी योजनेने क्षमतांचे वर्तनाच्या, कामाच्या आणि त्या त्या क्षेत्राच्या अशा तीन खान्यांत वर्गीकरण केले आणि शिकणे बरेचसे मोबाइलवर आणले. वर्गीकरण चांगले आहे. पण लेथॅम-सारींच्या त्या छापील मुद्द्यांची आठवण होते. मोबाइलवरचा धडा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळते, टेबलासमोर ओरडणाऱ्या माणसाला शांत करण्याचा सराव होत नाही.

शेवटी मात्रेचे. ‘प्रशिक्षणातले दहा टक्केच कामात उतरते’ हा आकडा कोणत्याही सभेत ऐकू येतो. त्याचे मूळ शोधणाऱ्यांना सापडला तो १९८२ चा एक लेख, आणि त्यात लेखकाने तो नुसता प्रश्नार्थक अंदाज म्हणून टाकलेला. मागे मोजमाप काही नाही. तेव्हा तो आकडा सोडून द्यावा आणि आपले आपण मोजावे. मी सांगतो ते असे: पहिल्या नव्वद दिवसांत, कायद्याचा विषय सोडला तर, चारच विषय, प्रत्येकी दोन तास, मध्ये किमान दहा दिवसांचे अंतर, आणि प्रत्येक वेळी मागच्या दहा दिवसांत काय म्हटले, समोरचा काय म्हणाला, याने सुरुवात. तीन महिन्यांनी हजेरीपत्रक आणि मेमोची फाइल पुन्हा उघडायची. मेमो कमी झाले म्हणून लगेच खूश होऊ नये. चुलत्याच्या नावाचा पहिला मेमो त्यात आला असेल तर तीही प्रगतीच.

आणि मे महिन्यात नको. हॉटेलचा हॉल नको. डिसेंबर-जानेवारीत, दुसरी पाळी सुरू झाल्यावर, कँटीनमध्ये. विषय लवकर आटोपला तर मागच्या शेतात कोणीतरी भरितासाठी वांगी भाजायला घेतलेली असतातच, आणि खरे प्रसंग तिथे, कळण्याच्या भाकरीबरोबर, जास्त मोकळेपणाने बाहेर येतात. तेव्हा वही खिशात असू द्यावी, फक्त हातात दिसू देऊ नये.